आक्षेप संगणकाचा, पूर्तता विद्यार्थ्याची

शाळेच्या संगणककक्षात आठवीतील एक विद्यार्थी आपली पहिलीवहिली आज्ञावली टंकित करतो. ओळी अवघ्या तीन. फळ्यावर जसे लिहिले होते तसेच आपण उतरवले, अशी त्याची खात्री असते. तो कळ दाबतो आणि पडद्यावर तांबड्या रंगात इंग्रजीतील एक ओळ उमटते. तिचा अर्थ त्याला लागत नाही. तो शेजारच्याकडे पाहतो, मग शिक्षकांकडे पाहतो. शिक्षक घाईत असतात. ते येऊन कळफलक आपल्याकडे ओढतात, एक चिन्ह घालतात आणि पुढे जातात. आज्ञावली चालते, परंतु काय चुकले होते आणि ते कसे ओळखावे, हे विद्यार्थ्याला कळलेले नसते. असा प्रसंग चार-सहा वेळा घडला, की 'हे आपले काम नव्हे' असा समज त्याच्या मनात घर करतो. ज्या मुलाची बुद्धी कोठेही कमी पडलेली नव्हती, ते मूल एका स्वल्पविरामापायी एका विद्येला कायमचे पारखे होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीमध्ये, संगणकाच्या आज्ञावलीलेखनाशी संबंधित उपक्रमांचा समावेश करण्याचे सूचित करण्यात आले आहे. यास्तव हा विषय आता केवळ अभियांत्रिकी महाविद्यालयांपुरता राहिलेला नाही. तो जिल्हा परिषदेच्या शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. अशा वेळी नवशिक्या विद्यार्थ्याची पहिली अडचण कोणती आणि ती दूर कशी करावी, हे शिक्षकांनी, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांनी आणि शाळेच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या पंचायत सदस्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

आक्षेप म्हणजे अपयश नव्हे

शासकीय कार्यालयात काम करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली परिचयाची आहे. कोषागारात सादर केलेले देयक पुष्कळदा आक्षेपासह परत येते. रक्कम अक्षरी लिहिलेली नाही, लेखाशीर्ष चुकले आहे, सहपत्र जोडलेले नाही, अशी कारणे त्यावर नमूद केलेली असतात. देयक परत आले म्हणून लिपिक आपणास नालायक समजत नाही. तो आक्षेप वाचतो, तेवढ्या त्रुटीची पूर्तता करतो आणि देयक पुन्हा सादर करतो. खर्च योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न येथे उद्भवलेलाच नसतो. देयक विहित नमुन्यात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

संगणकाने दाखविलेली वाक्यरचनेची चूक नेमकी याच जातीची असते. इंग्रजीत तिला 'सिंटॅक्स एरर' म्हणतात. विद्यार्थ्याचा विचार बरोबर की चूक, याविषयी संगणक येथे काहीच म्हणत नाही. 'लिहिलेले विहित रीतीत नाही, म्हणून ते वाचता येत नाही,' एवढेच तो सांगतो. इतकेच नव्हे, तर बहुधा कोणत्या ओळीत आणि कोणत्या ठिकाणी अडले, हेही तो नमूद करतो. तात्पर्य, तो तांबडा मजकूर म्हणजे निकालपत्र नसून आक्षेपपत्र आहे.

माणूस समजून घेतो, यंत्र समजून घेत नाही

मराठी पत्रात एखादे विरामचिन्ह राहिले किंवा ऱ्हस्वदीर्घ चुकले, तरी वाचणाऱ्यास अर्थ कळतो. वाचक आपल्या अनुभवाच्या बळावर उणीव भरून काढतो. संगणकाला ही सोय नाही. त्याची भाषा माणसांनी मुद्दाम काटेकोर नियम घालून तयार केलेली असते. कोणत्या शब्दापुढे कोणते चिन्ह यावे, उघडलेला कंस कोठे मिटावा, कोणती ओळ समासापासून आत सरकवावी, हे सर्व ठरलेले असते. एका आज्ञेचे दोन अर्थ निघू नयेत, हा या काटेकोरपणाचा हेतू होय. जमीन मोजणीच्या नकाशात अंदाज चालत नाही, तसेच हे आहे.

म्हणूनच आज्ञावलीतील चूक आणि शुद्धलेखनातील चूक यांत एक महत्त्वाचा फरक पडतो. शुद्धलेखन चुकले तर गुण जातात. आज्ञावलीत वाक्यरचना चुकली, तर काम सुरूच होत नाही. पायथॉन या भाषेत संगणक प्रथम संपूर्ण आज्ञावली वाचून पाहतो. रचनेत दोष आढळला, तर दोषापूर्वीच्या बिनचूक ओळीही तो अमलात आणत नाही. यात एक दिलासाही आहे. अशा चुकीने काहीही बिघडत नाही, संगणक नादुरुस्त होत नाही, साठवलेली माहिती पुसली जात नाही. मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे, कारण अनेक मुले 'काही मोडले तर नाही ना' या भीतीनेच हात आखडता घेतात.

एका स्वल्पविरामाची किंमत

ही अडचण आजची नाही. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीने १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा उपलब्ध करून दिली. त्या काळी आज्ञावली छिद्रांकित पत्त्यांवर उतरवली जाई. एका पत्त्यावर एक ओळ, याप्रमाणे पत्त्यांचा गठ्ठा संगणककक्षात द्यावयाचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे, अशी पद्धत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, तो याच युगातला. पत्त्यांच्या त्या जमान्यात एक स्वल्पविराम राहिला तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कागदावर छापलेला दोष हाती येई आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागे. साहजिकच, पत्ते देण्यापूर्वी आपली आज्ञावली कागदावर दोनदा-तीनदा वाचून पाहण्याची सवय त्या पिढीला लागली होती.

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये बेसिक ही भाषा तयार केली. विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा आणि उत्तर तत्काळ मिळावे, हा त्यामागचा उद्देश होता. पुढे भारतात १९८४ मध्ये 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक पुरविण्यात आले. त्यांवर बेसिक भाषा चालत असे. आज्ञा समजली नाही, की तो संगणक पडद्यावर 'मिस्टेक', म्हणजे 'चूक', एवढाच शब्द आणि ओळीचा क्रमांक दाखवी. काय चुकले, ते विद्यार्थ्याने हुडकावे, अशी अपेक्षा असे.

नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केलेली पायथॉन ही भाषा आज अनेक शाळा-महाविद्यालयांत शिकविली जाते. ती विनामूल्य मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची ३.१० ही आवृत्ती आली, तीत चुकांचे संदेश मुद्दाम अधिक स्पष्ट करण्यात आले. पूर्वी जेथे 'रचना अवैध' एवढेच लिहून येई, तेथे आता 'येथे अपूर्णविराम अपेक्षित होता' किंवा 'हा कंस मिटलेला नाही' असे नेमके कारण मिळते. म्हणून शाळेतील संगणकावर जुनी आवृत्ती असल्यास ती बदलून घेणे, हा नवशिक्याला साहाय्य करण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे.

तीन ओळींचे उदाहरण

पाणीपट्टीची थकबाकी एक हजार रुपयांहून अधिक असल्यास मागणीपत्र पाठवावे, अशी सूचना संगणकाने द्यावी, असे समजू. त्यासाठी पायथॉनमधील आज्ञावली पुढीलप्रमाणे होईल. वाचकांच्या सोयीसाठी येथे ती देवनागरीत दिली आहे. प्रत्यक्ष टंकित करताना 'इफ' आणि 'प्रिंट' हे शब्द रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि अंक आंतरराष्ट्रीय रूपात लिहावे लागतात.

थकबाकी = १२००
इफ थकबाकी > १०००:
    प्रिंट("मागणीपत्र पाठवा")

पहिल्या ओळीत 'थकबाकी' या नावाखाली १२०० ही संख्या ठेवली आहे. दुसऱ्या ओळीतील 'इफ' म्हणजे 'जर'. थकबाकी एक हजारापेक्षा अधिक असेल तर, असा तिचा अर्थ. ओळीच्या शेवटी अपूर्णविराम आहे. तिसरी ओळ समासापासून चार जागा आत सरकवली आहे, कारण ती 'जर'च्या अधीन आहे. 'प्रिंट' म्हणजे पडद्यावर लिही. जे लिहावयाचे ते कंसात आणि अवतरणचिन्हांत दिले आहे.

आता या तीन ओळींत किती प्रकारे चूक होऊ शकते, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिला प्रकार अपूर्णविरामाचा. दुसऱ्या ओळीच्या अखेरचा अपूर्णविराम राहिला, तर नव्या आवृत्तीत 'एक्स्पेक्टेड' या शब्दापुढे ते चिन्ह छापून येते. 'एक्स्पेक्टेड' म्हणजे 'अपेक्षित'. हा एक शब्द ओळखता आला, तरी निम्मे काम झाले. त्यापुढे जे छापलेले असते, तेच राहिलेले असते.

दुसरा प्रकार कंसाचा. तिसऱ्या ओळीतील शेवटचा कंस मिटला नाही, तर 'वॉज नेव्हर क्लोज्ड', म्हणजे 'कधीच मिटला नाही', असा संदेश येतो. जुन्या आवृत्त्यांत मात्र येथे फसगत होई. कंस एका ओळीत उघडा राही आणि संगणक त्याच्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवी. विद्यार्थी ती पुढची ओळ दहा वेळा तपासे, पण तिच्यात काहीच चुकलेले नसे. याचे कारण सोपे आहे. कंस उघडा असेपर्यंत संगणक 'वाक्य अजून संपले नाही' असे समजून पुढे वाचत जातो आणि जेथे वाचणे अशक्य होते तेथे थांबतो. म्हणजे दाखविलेली जागा ही चुकीची जागा असतेच असे नाही. ती संगणक अडखळला ती जागा असते. ठेच जेथे लागली तेथून थोडे मागे वळून पाहावे, हा नियम यातूनच निघतो.

तिसरा प्रकार अवतरणचिन्हांचा. 'पाठवा' या शब्दानंतरचे चिन्ह राहिले, तर संगणक पुढचा कंसही मजकुराचाच भाग समजतो. 'अनटर्मिनेटेड स्ट्रिंग लिटरल', म्हणजे 'मजकूर कोठे संपतो ते समजले नाही', असा आक्षेप मग येतो. कंस तर लिहिला आहे, मग अडचण काय, असे विद्यार्थ्यास वाटते. एक चिन्ह राहिल्याने दुसरे निष्प्रभ होते, हे त्यास उदाहरणाने दाखवावे.

चौथा प्रकार समासाचा. तिसरी ओळ आत सरकवली नाही, तर 'इंडेंटेशन एरर' असा संदेश येतो. पायथॉनमध्ये समास ही शोभेची गोष्ट नाही. कोणती ओळ कोणाच्या अधीन आहे, ते समासावरूनच ठरते. कधी काही ओळी टॅबच्या कळीने आणि काही मोकळ्या जागेच्या कळीने सरकवलेल्या असतात. डोळ्यांना त्या सारख्या दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. सर्वत्र चार मोकळ्या जागा सोडण्याची शिस्त लावल्यास हा त्रास उद्भवत नाही.

पाचवा प्रकार बरोबरच्या चिन्हाचा. गणितात एकच चिन्ह दोन कामे करते. पायथॉनमध्ये एक बरोबरचे चिन्ह म्हणजे 'ही किंमत ठेव' आणि लागोपाठ दोन चिन्हे म्हणजे 'या दोन किमती समान आहेत काय?' थकबाकी शून्य आहे का, हे विचारताना एकच चिन्ह वापरले, तर संगणक थांबतो. नवी आवृत्ती तर 'आपणास दोन चिन्हे अभिप्रेत होती काय?' अशा आशयाची सूचनाही करते.

याशिवाय शब्दाचे स्पेलिंग चुकणे हा नित्याचा प्रकार आहे. 'प्रिंट'चे पहिले अक्षर मोठे लिहिले, तरी पायथॉन तो वेगळा शब्द समजते आणि 'हे नाव ठाऊक नाही' असे कळविते. तांत्रिक दृष्टीने ही वाक्यरचनेची चूक नव्हे, कारण ती आज्ञावली चालू झाल्यानंतर त्या ओळीपाशी उघडकीस येते. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने दोहोंचा उपाय एकच, आणि तो म्हणजे संदेश वाचून त्या ओळीतील शब्द अक्षरशः पडताळून पाहणे.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या विशेष अडचणी

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यासमोर आणखी काही अडचणी उभ्या राहतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख सहसा सापडत नाही, म्हणून त्या येथे सविस्तर देणे इष्ट होईल.

प्रथम समाधानाची गोष्ट. पायथॉनच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही देता येतात. वरील उदाहरणातील 'थकबाकी' हे नाव जसेच्या तसे मराठीत टंकित केले तरी चालते. विद्यार्थ्यास आपल्या भाषेत विचार करीत लिहिता येते, ही मोठी सोय आहे.

परंतु अंकांचे तसे नाही. आज्ञावलीत देवनागरी अंक लिहिला, तर 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर', म्हणजे 'अवैध वर्ण', असा आक्षेप येतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये ज्यास 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' म्हटले आहे, तेच रूप येथे वापरावे लागते. गंमत अशी, की आज्ञावली चालू असताना वापरणाऱ्याने देवनागरी अंकांत उत्तर टंकित केले, तर त्याचे संख्येत रूपांतर करणारी 'इंट' ही आज्ञा ते बिनतक्रार स्वीकारते. म्हणजे निर्बंध लिहिणाऱ्यावर आहे, वापरणाऱ्यावर नाही. ग्रामपंचायतीसाठी एखादी छोटी आज्ञावली तयार करणाऱ्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांच्या वळणाची. शब्दसंस्करणाच्या आज्ञावलीत टंकित केलेली अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात. छपाईत ती सुबक दिसतात. पण पायथॉनला सरळ उभी चिन्हेच समजतात. शिक्षकांनी टिपणे अशा आज्ञावलीत तयार केली आणि विद्यार्थ्यांनी त्यांतील ओळी उचलून वापरल्या, तर संपूर्ण वर्ग एकाच वेळी अडतो. येथेही 'अवैध वर्ण' हाच आक्षेप येतो. चिन्हे पुसून कळफलकावरून पुन्हा टंकित करणे, हा उपाय.

तिसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. 'शेतकऱ्याचे', 'दुसऱ्या' अशा शब्दांतील अर्धा र उमटविण्यासाठी काही कळफलक मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. कागदावर त्याचा मागमूस दिसत नाही. परंतु असा शब्द नाव म्हणून वापरला, की पायथॉन 'न छापता येणारा अवैध वर्ण' असे सांगून थांबते. विद्यार्थी बिचारा शब्दाकडे पाहतच राहतो, कारण शब्द तर शुद्ध असतो. अशा वेळी नाव बदलून 'शेतकरी' किंवा 'दुसरा' असे साधे रूप घ्यावे. अवतरणचिन्हांतील मजकुरात मात्र असा शब्द खुशाल वापरावा, तेथे त्यास आडकाठी नाही.

दुरुस्तीची रीत

चुका अनेक असल्या तरी त्या दुरुस्त करण्याची रीत एकच आहे आणि ती शिकविता येते. संदेश आला की प्रथम कळफलकावरून हात काढावा आणि संदेशाची शेवटची ओळ वाचावी. चुकीचा प्रकार तेथे लिहिलेला असतो. मग ओळीचा क्रमांक पाहावा आणि संगणकाने बाणासारख्या खुणेने दाखविलेली जागा पाहावी. त्या ठिकाणी दोष न आढळल्यास लगतची वरची ओळ तपासावी. उघडलेले कंस आणि मिटलेले कंस पेन्सिलीने मोजावेत, ते समसमान भरले पाहिजेत.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि आज्ञावली पुन्हा चालवून पाहावी. नवशिके घाबरून एकदम चार ठिकाणी बदल करतात. त्यामुळे एक चूक दुरुस्त होते आणि दोन नव्या शिरतात. बदलाने उपयोग झाला नाही, तर तो मागे घेऊनच दुसरा करावा. संदेश बदलला, तर निराश होण्याचे कारण नाही. नवा संदेश म्हणजे पहिल्या आक्षेपाची पूर्तता झाल्याची खूण समजावी.

सी किंवा जावा यांसारख्या भाषांत एकाच वेळी अनेक चुकांची यादी पडद्यावर येते. ती पाहून उरात धडकी भरते. वस्तुतः एक अर्धविराम राहिल्यामुळेच ती सारी रांग लागलेली असू शकते. म्हणून यादीतील पहिलीच चूक दुरुस्त करावी आणि उरलेल्यांकडे न पाहता आज्ञावली पुन्हा चालवावी. अनेक वेळा बाकीच्या चुका आपोआप नाहीशा होतात.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे थोडे लिहून लगेच तपासणे. पन्नास ओळी लिहून एकदम चालविण्यापेक्षा पाच-पाच ओळींनंतर चालवून पाहिल्यास चूक कोठे शिरली, ते शोधावे लागत नाही.

शिक्षकांची भूमिका

येथे शिक्षकांची खरी कसोटी लागते. इंग्लंडमधील केंट विद्यापीठातील संशोधकांनी जावा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चुकांची फार मोठ्या प्रमाणावर नोंद ठेवून तिचा अभ्यास केला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थी कोणत्या चुका अधिक करतात, याविषयी शिक्षकांचे अंदाज त्यांनी प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिले. शिक्षकांचे अंदाज आपापसांत जुळत नव्हते आणि नोंदींशीही फारसे जुळत नव्हते. अव्वल चुकांत कंसांची जोडी न जुळणे ही साधी चूक अग्रभागी होती. यावरून बोध घ्यावयाचा तो असा, की आपल्या वर्गात काय चुकते याची शिक्षकांनी कल्पना करू नये, नोंद ठेवावी.

त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने एक दुरुस्ती-वही ठेवावी. संदेश कोणता आला, त्याचा मराठी अर्थ काय, प्रत्यक्षात काय राहिले होते, असे तीन रकाने तीत पुरेत. महिन्याभरात त्याला आढळून येईल, की आपल्या चुका असंख्य नसून सात-आठच आहेत आणि त्याच पुनःपुन्हा होतात. नेहमीच्या संदेशांचे मराठी अर्थ एका तक्त्यावर लिहून तो संगणककक्षाच्या भिंतीवर लावला, तर इंग्रजीची धास्ती पुष्कळ अंशी कमी होईल. संदेशांत वारंवार येणारे शब्द मूठभरच आहेत, ते पाठ होण्यास वेळ लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या हातातील कळफलक घेऊ नये. 'संदेश वाचून दाखव. ओळ कोणती? तिच्या वर काय आहे?' एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि थांबावे. दोन मिनिटे अधिक जातील. परंतु स्वतः शोधलेली चूक विद्यार्थी विसरत नाही. शिक्षकाने शोधून दिलेली चूक तो उद्या पुन्हा करतो. शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना कधी मुद्दाम एखादी चूक ठेवून ती वर्गाकडून शोधून घेतली, तर चुकीची लाज वाटेनाशी होते.

संगणक जी चूक सांगत नाही

वाक्यरचनेची चूक ही सर्वांत साधी चूक होय, कारण संगणक स्वतःच ती दाखवितो. खरा धोका असतो तो न दाखविलेल्या चुकीत. वरील उदाहरणात 'अधिक' या अर्थाच्या चिन्हाऐवजी 'कमी' या अर्थाचे चिन्ह टंकित झाले, तर रचना निर्दोषच राहील. संगणक कोणताही आक्षेप न घेता आज्ञावली चालवील आणि ज्यांची बाकी थोडी आहे, नेमक्या त्यांनाच मागणीपत्रे जातील.

अमेरिकेने शुक्र ग्रहाकडे सोडलेले मरिनर १ हे यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आतच नष्ट करावे लागले, कारण अग्निबाण मार्ग सोडून भरकटू लागला होता. यंत्रसामग्रीतील बिघाडाला संगणकाच्या आज्ञांतील एका गळालेल्या चिन्हाची जोड मिळाली, असे तपासात आढळले. ते चिन्ह नसतानाही आज्ञा वाचता येत होत्या, म्हणून कोणीही अडवले नाही. दोष दूर करून पाठविलेले मरिनर २ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शुक्राजवळून यशस्वीपणे गेले.

साध्या चुका शोधण्याची सवय अशा गंभीर चुकांपासूनही संरक्षण देते. जो विद्यार्थी प्रत्येक ओळ सावकाश वाचावयास शिकला, तो आज्ञावली चालल्यानंतरही तिचे उत्तर हाताने ताडून पाहतो. दोन-तीन सोप्या उदाहरणांचे उत्तर कागदावर काढावे आणि संगणकाच्या उत्तराशी जुळवावे, हा पाठ वाक्यरचनेच्या पाठाला जोडूनच दिला पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल

या कामी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेतील संगणकांवर पायथॉनची नवी आवृत्ती बसविलेली आहे काय, मराठी टंकलेखनाची सोय आहे काय, संदेशांचा मराठी तक्ता लावलेला आहे काय, हे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारता येतील. संगणक थोडे आणि विद्यार्थी अधिक असल्यास दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने टंकित करावे आणि दुसऱ्याने वाचून तपासावे, मग अदलाबदल करावी. दोन डोळ्यांना जे दिसत नाही, ते चार डोळ्यांना दिसते. वीज नसेल त्या दिवशी कागदावर चुकीची आज्ञावली देऊन दोष शोधावयास सांगावे. पत्त्यांच्या काळातील पिढीने याच रीतीने आपली नजर तयार केली होती.

अधिकारीवर्गाने शाळा तपासणीच्या वेळी संगणक किती आहेत एवढेच मोजून थांबू नये. एखाद्या विद्यार्थ्याला चुकलेल्या तीन ओळी द्याव्यात आणि तो संदेश वाचून काय करतो, ते पाहावे. संगणककक्षाची उपयुक्तता त्या दोन मिनिटांत समजेल.

आठवीतील तो विद्यार्थी उद्याही संगणकासमोर बसणार आहे आणि तांबडी ओळ त्याला उद्याही दिसणार आहे. ती वाचून त्याने बोट ओळीवर ठेवले, वरच्या ओळीतला उघडा कंस हेरला आणि कोणाचेही साहाय्य न घेता तो मिटवला, तर त्या दिवशी त्याने एक चिन्ह घालण्यापेक्षा पुष्कळ अधिक काही कमावलेले असेल.